विश्लेषण : जुनी प्लायवूडची होडी पुन्हा पाण्यात उतरवता येते का? आधी वाळवणे, मग चिकटवणे, शेवटी झाकणे का महत्त्वाचे?

अंबडमधल्या प्लायवूडच्या दुकानात ‘मरीन’ मागितले, की समोरून प्रश्न येतो : किचनला लावायचे की बाथरूमला? नाव समुद्राचे असले तरी नाशिकमध्ये या प्लायचे आयुष्य बहुधा सिंकखालच्या कपाटात जाते. मुंबईचा किनारा येथून रस्त्याने सुमारे १७० किलोमीटर दूर. पण पाणी दूर नाही. गंगापूर, दारणा, नांदूरमध्यमेश्वर ही धरणे-बंधारे जिल्ह्यातच आहेत आणि पाणी आले की होडी आली. अशीच एखादी १०-१२ फुटी जुनी प्लायवूडची होडी हौसेने विकत घेतली जाते किंवा शेतघराच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे पडून राहिलेली सापडते. मग रंग खरवडायचा, भेगांत पुटी भरायची, वर चकचकीत ऑइलपेंटचे दोन हात मारायचे आणि होडी ‘नवी’ करायची, असा बेत ठरतो. हा बेत धोक्याचा आहे. कारण आत ओल असताना वरून पक्के झाकलेले लाकूड उघड्या लाकडापेक्षा लवकर कुजते आणि ते कुजताना दिसतही नाही. त्यामुळे ही दुरुस्ती कशी करावी आणि कधी करूच नये, हे समजून घेणे गरजेचे ठरते.

मरीन प्लायवूड म्हणजे नेमके काय?

लाकडाचे पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे रचून, गोंद लावून, उष्णता आणि दाब देऊन प्लायवूड तयार होते. थरांचे धागे एकाआड एक काटकोनात असल्याने ते साध्या फळीसारखे फुगत, आकसत किंवा सहज उभे चिरत नाही. साधे, पाणी सोसणारे आणि मरीन यांतला मुख्य फरक गोंदाचा. मरीन प्लायवूडमध्ये फिनॉल फॉर्मल्डिहाइड हे रेझिन वापरतात. भारतात त्यासाठी ‘आयएस ७१०’ हे मानक आहे. त्यानुसार नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही त्याचे थर सुटता कामा नयेत. फर्निचरच्या सर्वसाधारण प्लायवूडसाठी ‘आयएस ३०३’ हे वेगळे मानक असून त्यात ‘एमआर’ आणि ‘बीडब्ल्यूआर’ अशा श्रेणी येतात.

‘आयएस ७१०’ची आणखी एक अट म्हणजे बुरशी आणि किडीपासून संरक्षण देणारी प्रक्रिया. ‘बीएस १०८८’ या ब्रिटिश मानकात गोंद आणि थरांच्या दर्जाबाबत कडक नियम आहेत, पण अशी प्रक्रिया बंधनकारक नाही. दुकानात ‘मरीन’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. म्हणून शीटवर आयएसआय चिन्ह, ७१० हा आकडा आणि ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक आहे का, ते पाहावे. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर टाकला की परवाना खरा आहे की नाही ते कळते. शीटची कडही निरखून पाहावी. कडेला आतल्या थरांत फटी दिसल्या तर ती शीट कपाटाला चालेल, होडीला नाही. कारण आतली फट म्हणजे पाण्यासाठी तयार नळीच.

‘मरीन’ असूनही होडी कुजते कशी?

७२ तास उकळण्याची चाचणी गोंदाची आहे, लाकडाची नाही. गोंद टिकतो, पण त्याने धरून ठेवलेले लाकूड शेवटी लाकूडच असते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल, हवा आणि ऊब लागते. लाकडातील ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढू शकत नाही. त्याच्या वर आठवडेच्या आठवडे राहिला तर ती आपले काम सुरू करते. बुरशीविरोधी प्रक्रिया हे काम लांबवते, पण जुन्या होडीचे प्लाय कोणत्या मानकाचे होते, हे सांगणारा शिक्का बहुतेक वेळा रंगाखाली कधीच नाहीसा झालेला असतो.

पाणी शिरते ते क्वचितच सपाट पृष्ठभागातून. ते शिरते कडांतून, स्क्रूच्या भोकांतून आणि सांध्यांतून. लाकडाच्या धाग्यांची टोके कडेला उघडी असतात आणि ती पाणी शोषतात. सपाट बाजूला चार हात रंग आणि कड मात्र कोरडी, ही जुन्या होड्यांमधली नेहमीची कथा असते.

एक गोष्ट अनेकांना उलटी वाटेल. कुजण्याचा धोका खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्याने जास्त असतो. मीठ बुरशीला रोखते. समुद्रात लाकूड पोखरणाऱ्या जीवांचा त्रास वेगळा. पण धरणातली किंवा अंगणात पडलेली होडी पावसाच्या पाण्याने आतून कुजते. पावसाळाभर उघडी ठेवलेली, तळाशी वीतभर पाणी साचलेली होडी पाण्यात चालणाऱ्या होडीपेक्षा लवकर संपते.

फळ्यांच्या होडीचे शहाणपण येथे का चालत नाही?

कोकणातल्या परंपरागत होड्या जाड फळ्यांच्या. फळ्यांमधल्या फटींत कापूस किंवा काथ्या ठासून राळ आणि तेल लावले जाते. काजूच्या टरफलांचे तेलही होड्यांना चोपडले जाते. अशी होडी पाण्यात उतरली की फळ्या फुगतात आणि सांधे आपोआप घट्ट बसतात. म्हणून बराच काळ कोरड्यात असलेली होडी उतरवण्यापूर्वी फळ्या भिजवून घेतल्या जातात. गोव्यात बांधलेली आणि २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झालेली ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ ही शिवलेली नौका याच जुन्या ज्ञानाचे रूप आहे. तिच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या असून सांधे नारळाच्या काथ्याने आणि नैसर्गिक राळेने बंद केले आहेत.

थोडक्यात, फळ्यांच्या होडीला पाणी हवे असते. प्लायवूडच्या होडीला ते अजिबात नको असते. प्लाय फुगून सांधा बंद होत नाही, उलट थर सुटतात. त्यामुळे ‘पाण्यात दोन दिवस ठेवा, आपोआप बसेल’ हा सल्ला येथे नुकसान करतो. फळ्यांच्या होडीला वरून कडक रेझिनचे कवच चढवणेही तितकेच चुकीचे. फळ्या हलतात, कवच तडकते आणि तड्यातून गेलेले पाणी आतच राहते.

लाकूड आणि रेझिन यांची जोडी खरोखर टिकते का?

टिकते. याचे आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे ‘आयएनएसव्ही म्हादेई’. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली ही ५६ फुटी शिडाची नौका २००९ मध्ये नौदलात आली. ती प्लायवूडची नाही. पण तत्त्व तेच आहे. सीडरच्या लाकडी पट्ट्यांचा गाभा आणि आत-बाहेर काचतंतू व एपॉक्सी यांचे आवरण. याच नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी कुठेही न थांबता ती पूर्ण केली. कोरड्या लाकडाला सर्व बाजूंनी नीट बंद केले, तर ते दक्षिण महासागरातही तग धरते, हे तिने दाखवले.

प्लायवूडचे उदाहरण दक्षिणेत सापडते. १९८० च्या दशकात केरळ आणि कन्याकुमारीच्या किनाऱ्यावर ओंडके कोरून केलेल्या होड्यांसाठी मोठी झाडे मिळेनाशी झाली. तेव्हा मच्छीमारांच्या सहकारी संघाने प्लायवूडच्या होड्या बांधायला घेतल्या. प्लायचे कापलेले भाग तारेने एकमेकांना ‘टाके’ घालून जोडायचे आणि सांध्यावर रेझिन व काचतंतूची पट्टी बसवायची, अशी ही पद्धत. ब्रिटनमध्ये ती लोकप्रिय केली ती १९६२ च्या सुमारास ‘डेली मिरर’ या दैनिकाच्या नावाने आलेल्या ‘मिरर’ या छोट्या शिडाच्या होडीने. सुतारकाम न शिकलेल्या माणसालाही घरी बांधता यावी, ही त्यामागची कल्पना. अशा होडीची दुरुस्तीही घरी करता येते ती याच कारणाने.

दुखणे ओळखायचे कसे?

पहिले काम खरवडण्याचे. रंग काढल्याशिवाय काहीच कळत नाही. त्यानंतर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने इंचाइंचावर ठोकत जावे. निरोगी प्लाय टणक आवाज देते. थर सुटले असतील तिथे पोकळ, बद्द आवाज येतो. संशय आला तिथे टोच्या दाबून पाहावा. तो लोण्यात जावा तसा गेला, तर लाकूड कुजले आहे. काळपट डाग, फुगवटा, स्क्रूभोवतीचे गंजाचे वर्तुळ, दमट वास या खुणाही सांगून जातात.

सर्वाधिक लक्ष चार ठिकाणी द्यावे : मोटर बसवण्याची मागची उभी फळी, तळ आणि बाजू जुळतात तो कोपरा, आतल्या फासळ्यांच्या खालची बाजू आणि बसायच्या फळीखालचे बंद कप्पे. ज्या जागी वारा पोहोचत नाही, तिथे कुजणे आधी सुरू होते. खराब भाग खडूने आखून फोटो काढून ठेवावेत. पुढे नेमके किती कापायचे, याचा हिशेब त्यावरून होतो.

वाळवणे इतके महत्त्वाचे का?

संपूर्ण दुरुस्तीतला हा सर्वात कंटाळवाणा आणि सर्वात निर्णायक टप्पा. ओल्या लाकडात रेझिन नीट मुरत नाही, पकड कमजोर राहते. त्याहून वाईट म्हणजे, रेझिनचे कवच जसे बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, तसेच आतले बाहेरही जाऊ देत नाही. मग वरून आरशासारखी दिसणारी होडी आतून भुसभुशीत होते. पुढे कधी तरी मोटरच्या जोराने मागची फळीच निखळते आणि तेव्हा होडी काठापासून दूर असते.

चिकटवण्यापूर्वी ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली असावा, असा सर्वमान्य दंडक आहे. लाकडाचा ओलावा मोजणारे छोटे मीटर मिळते. प्लायमधल्या गोंदामुळे आणि रसायनांमुळे त्याचा आकडा थोडा इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणून एका आकड्यावर न जाता दर आठवड्याला त्याच जागी मोजून आकडा उतरतो आहे का, ते पाहावे. मीटर नसेल तर घरगुती उपाय आहे. कापून काढलेला प्लायचा एक तुकडा होडीतच ठेवावा आणि दर दोन-तीन दिवसांनी किचनच्या डिजिटल काट्यावर त्याचे वजन करावे. वजन उतरायचे थांबले की लाकूड हवेशी जुळले, असे समजावे. होडीचे जाड आणि बंद भाग मात्र त्या तुकड्यापेक्षा सावकाश वाळतात, हे लक्षात ठेवावे.

होडी उलटी करून, जमिनीपासून वर उचलून, सावलीत आणि वाऱ्यावर ठेवावी. कप्प्यांची झाकणे काढावीत, पंखा लावावा. थेट कडक उन्हात तापवले तर वरचा थर लवकर आकसून तडकतो. यात चार आठवडे जाऊ शकतात, कधी दोन महिनेही. तेवढा धीर नसेल, तर काम हाती न घेणे बरे.

कोणता गोंद वापरावा?

फर्निचरचा पांढरा गोंद सर्वांच्या हाताशी असतो. त्याच्या पाणी सोसणाऱ्या ‘डी-३’, ‘डी-४’ अशा श्रेणीही आहेत. पण त्या ओल्या जागच्या किंवा वरून रंगवलेल्या बाहेरच्या लाकूडकामासाठी आहेत, सतत पाण्याखाली राहणाऱ्या सांध्यासाठी नाहीत. रिसॉर्सिनॉल हा जुना, अत्यंत टिकाऊ गोंद. पण त्याला तंतोतंत बसलेला सांधा, भक्कम दाब आणि उबदार हवा लागते. जुन्या होडीत सांधे तंतोतंत बसत नाहीत. पॉलियुरेथेन गोंद फेसाळून फट भरल्यासारखा दिसतो, पण त्या फेसात ताकद नसते.

गोंदाच्या निवडीचे मोल किती, हे दुसऱ्या महायुद्धात दिसले होते. ब्रिटिशांचे ‘मॉस्किटो’ हे लढाऊ विमान प्लायवूड आणि बाल्साच्या लाकडाचे होते. सुरुवातीला त्यात दुधापासून केलेला केसीन हा गोंद वापरला गेला. १९४४ च्या अखेरीस भारत-ब्रह्मदेश आघाडीवरच्या दमट उष्णतेत काही विमानांचे पंख निकामी झाले आणि ती काही काळ जमिनीवर ठेवावी लागली. चौकशीत गोंदाबरोबरच कारखान्यातल्या सदोष सांध्यांकडेही बोट दाखवले गेले. धडा आजही तोच आहे. गोंद हवामानाला साजेसा हवा आणि सांधाही नीट हवा.

जुन्या होडीसाठी आज बहुतेक ठिकाणी एपॉक्सीच वापरली जाते. ती फट भरते, तिला जोराचा दाब लागत नाही, ओलसरपणा रोखते आणि चिकटवणे व झाकणे ही दोन्ही कामे एकाच पदार्थाने होतात. फायबरच्या टाक्या, पत्रे यांसाठी वापरले जाणारे पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडते. पण लाकडावर त्याची पकड एपॉक्सीइतकी नसते आणि काही वर्षांनी त्याचे कवच पापुद्र्यासारखे सुटू शकते.

एपॉक्सी वापरताना चुका कुठे होतात?

अंबड-सातपूरच्या औद्योगिक पट्ट्यात रेझिन नवे नाही. विजेच्या उपकरणांच्या इन्सुलेशनमध्ये एपॉक्सी असते आणि फायबरचे काम करणाऱ्यांच्या हाताला पॉलिएस्टरची सवय असते. नेमकी ही सवयच चूक घडवते. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर थोडा वाढवला की ते लवकर घट्ट होते. एपॉक्सीत तसे होत नाही. तिचे दोन्ही भाग ठरावीक प्रमाणातच एकमेकांशी जोडले जातात. हार्डनर जास्त झाला तर उरलेला भाग तसाच मोकळा राहतो आणि सांधा कायमचा चिवट, मऊ राहतो. डब्यावर वजनाने १०० ला ३० लिहिले असेल, तर काट्यावर मोजून तेवढेच घ्यावे. वजनाचे आणि मापाचे प्रमाण वेगवेगळे असते, त्यांची गल्लत करू नये. दोन मिनिटे, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत ढवळावे.

दुसरी चूक उष्णतेची. एपॉक्सी घट्ट होताना तापते. खोल भांड्यात एकदम अर्धा किलो कालवली तर ती धुरावू शकते, प्लास्टिकचा मग वितळवू शकते. थोडी थोडी कालवून पसरट ट्रेमध्ये ओतावी. तिसरी चूक काचतंतूची. फायबरच्या दुकानात मिळणारी ग्लासमॅट पॉलिएस्टरसाठी असते. तिचे तंतू धरून ठेवणारा पदार्थ एपॉक्सीत विरघळत नाही. एपॉक्सीसाठी विणलेले काचकापड घ्यावे.

चौथी चूक म्हणजे घट्ट मिश्रण थेट कोरड्या लाकडावर लावणे. लाकूड त्यातले रेझिन शोषून घेते आणि सांधा उपाशी राहतो. आधी दोन्ही बाजूंना पातळ, काहीही न मिसळलेली एपॉक्सी ब्रशने पाजावी. काही मिनिटांनी सिलिका पावडर किंवा बारीक लाकडी पीठ मिसळून दह्यासारखे घट्ट केलेले मिश्रण लावावे. मग क्लॅम्प हलकेच आवळावा. कडेने थोडे मिश्रण बाहेर आले की पुरे. फार आवळले तर सगळी एपॉक्सी बाहेर येते आणि लाकूड लाकडाला टेकते.

कुजलेला तुकडा कसा बदलायचा?

कुजलेला भाग आणि त्याच्या कडेचे थोडे निरोगी लाकूडही कापून टाकावे. बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याच्या पुढे गेलेले असतात. नवा तुकडा सरळ कडेला कड लावून चिकटवला तर सांधा कमजोर राहतो, कारण चिकटायला जागाच नसते. म्हणून दोन्ही कडा रंध्याने तिरप्या करून एकमेकींवर बसवतात. उतार जाडीच्या आठपट ठेवण्याचा प्रघात आहे. ६ मिलिमीटर प्लायला ४८ मिलिमीटर लांबीचा उतार. प्लायचे थर येथे मदत करतात. उतार बरोबर असेल तर थरांच्या रेषा सरळ, समांतर दिसतात. वेड्यावाकड्या दिसल्या तर रंधा कुठे तरी जास्त लागला आहे.

हे जमत नसेल, तर आतल्या बाजूने त्याच जाडीच्या प्लायची रुंद पट्टी सांध्यावर चिकटवणे हा सोपा पर्याय. तळ आणि बाजूच्या कोपऱ्यात घट्ट मिश्रणाची गोलसर वळी ओढून त्यावर काचकापडाची पट्टी बसवावी. तीक्ष्ण कोपऱ्यावर कापड नीट बसत नाही, खाली हवा राहते.

झाकताना कशाकडे लक्ष द्यावे?

आधी कडा, मग सपाट भाग. कडांना एपॉक्सीचे तीन हात, आणि पहिला हात प्यायला की लगेच पुन्हा. स्क्रूचे भोक थोडे मोठे पाडावे, ते एपॉक्सीने पूर्ण भरावे आणि घट्ट झाल्यावर त्याच जागी नेमके भोक पाडून स्क्रू बसवावा. म्हणजे स्क्रू लाकडाला नव्हे, रेझिनला स्पर्श करतो. होडी आत आणि बाहेर, दोन्ही बाजूंनी झाकायला हवी. फक्त बाहेरून झाकलेली होडी आतून पाणी पिते.

हिशेबासाठी ढोबळ आकडा : पहिल्या हाताला चौरस मीटरला सुमारे २०० ग्रॅम, पुढच्या प्रत्येक हाताला १२० ग्रॅमच्या आसपास. आत-बाहेर मिळून १२ चौरस मीटर पृष्ठभाग असेल, तर तीन हातांना साधारण सव्वापाच किलो मिश्रण लागेल. काचकापड आणि सांध्यांसाठी लागणारी एपॉक्सी वेगळी.

लाकूड तापत असताना आतली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या एपॉक्सीत बुडबुडे उठतात. म्हणून सकाळी उन्हात चढत्या तापमानात नव्हे, तर दुपारनंतर लाकूड निवत असताना हात द्यावा. लाकूड आकसताना रेझिन आत ओढून घेते. दोन हातांमध्ये पृष्ठभाग चिकट असतानाच पुढचा हात दिला तर थर एकजीव होतात. रात्र मध्ये गेली तर वर कधी कधी मेणचट पापुद्रा येतो. तो साध्या पाण्याने आणि घासणीने धुऊन, वाळवून, मगच पॉलिश पेपर मारावा. न धुता घासले तर मेण आणखी आत बसते आणि रंग सुटतो.

शेवटचा आणि हमखास विसरला जाणारा मुद्दा म्हणजे ऊन. एपॉक्सी पाण्याला पुरून उरते, पण सूर्याच्या अतिनील किरणांपुढे पिवळी पडून भुकटी होऊ लागते. त्यामुळे तिच्यावर रंग किंवा अतिनील किरण रोखणारे व्हार्निश हवेच.

नाशिकच्या हवेत हे काम कधी करावे?

एपॉक्सीचा वेग हवेवर चालतो. तापमान दहा अंशांनी वाढले की तो साधारण दुप्पट होतो. नाशिकची डिसेंबर-जानेवारीची रात्र दहा अंशांच्या खाली उतरते, तेव्हा घट्ट होण्याची क्रिया रेंगाळते आणि पहाटेचे दव ओल्या थरावर बसते. एप्रिल-मेच्या दुपारी उलट, भांड्यातच घट्ट होऊ लागते. पावसाळ्यात दमट हवेमुळे मेणचट पापुद्रा जास्त येतो आणि लाकूड मुळात वाळतच नाही. त्यामुळे सोयीचे वेळापत्रक असे : दिवाळीनंतर रंग काढून होडी सावलीत उलटी ठेवायची, हिवाळ्याच्या कोरड्या हवेत वाळवायची आणि चिकटवणे-झाकणे फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकायचे. पावसाळा येईपर्यंत रंग पक्का होतो.

आरोग्याचे काय?

एपॉक्सीचा त्रास लगेच जाणवत नाही. वारंवार कातडीला लागली तर अ‍ॅलर्जी होते आणि एकदा झाली की सहसा जात नाही. नायट्राइलचे हातमोजे घालावेत. हाताला लागलेले रेझिन थिनरने पुसू नये. थिनर ते कातडीत आणखी आत नेतो. साबण-पाण्याने धुवावे. घासताना चांगला मास्क हवा, कारण प्रक्रिया केलेल्या प्लायमध्ये तांबे, क्रोमियम आणि कधी आर्सेनिकची संयुगे असू शकतात. याच कारणासाठी कापलेले तुकडे बंबात किंवा चुलीत जाळू नयेत. धूर आणि राख दोन्ही विषारी ठरू शकतात.

दुरुस्ती केव्हा करूच नये?

तळाचा कणा, मागची फळी आणि फासळ्या या तिन्ही कुजल्या असतील, तर ती दुरुस्ती राहत नाही, नवी होडी बांधणे होते. तेव्हा जुनीचे माप घेऊन नवीच बांधावी किंवा जुनी अंगणात झाडे लावायला ठेवावी. ‘धरणातच तर फिरायचे आहे’ ही समजूत घातक आहे. २१ मे २०२४ रोजी उजनी धरणाच्या पाण्यात कळाशी-कुगाव मार्गावर वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. त्या दुर्घटनेचे कारण लाकडाचे सांधे नव्हते. पण धरणाचे पाणी शांत नसते, एवढे तिने दाखवले.

दुरुस्त होडी प्रथम काठाजवळ, कमरेइतक्या पाण्यात उतरवावी. माणसांऐवजी वाळूच्या गोण्या ठेवून तासभर थांबावे आणि आत कुठे ओल येते का, ते कोरड्या कागदाने टिपून पाहावे. मोटर लावायची असेल तर २०२१ च्या अंतर्देशीय नौका कायद्यानुसार नोंदणी आणि तपासणीचे नियम लागू होतात. धरणात उतरण्यासाठी संबंधित यंत्रणेची परवानगीही लागते. आत बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवे. आणि फेरी झाल्यावर होडी उलटी करून, तळाचे बूच काढून, ताडपत्रीखाली पण वारा खेळेल अशी ठेवावी. एपॉक्सीने मिळवलेली वर्षे टिकतात ती या सवयीने.